थोरल्यांची मूठ

थोरल्यांना टाळी वाजवताना कुणी पाहिलेले नाही. सभेत सगळे टाळ्या वाजवू लागले की ते उजव्या हाताने खुर्चीच्या हातावर थोपटत. डावा हात मांडीवर असे, मूठ घट्ट मिटलेली. शहरात नवीन आलेला माणूस त्यांच्या चेहऱ्याआधी ती मूठ पाहत असे आणि शेजारच्याला हळूच विचारत असे, पूल धरलाय तो हाच हात ना?

ते आमच्या जादूगार संघाचे प्रमुख होते. मी संघाचा हिशेबनीस. मला जादूतले ओ की ठो कळत नाही, आणि म्हणूनच मला ठेवले होते. नसलेले असल्यासारखे दाखवणारी माणसे जमाखर्चाला चालत नाहीत, असे थोरलेच म्हणत.

संघाची इमारत धान्यबाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. तळमजल्यावर तक्रारींची खोली. विहिरीचे पाणी खारट झाले, भिंतीला ओल आली, गाढव हरवले, की माणसे तिथल्या बाकांवर येऊन बसत. आमचे सभासद जाऊन पाणी गोड करत, ओल ओढून काढत, गाढवाचा माग लावून देत. वरच्या मजल्यावर सभेचे दालन आणि त्याला लागून थोरल्यांची खोली. तिच्या खिडकीतून नदी दिसते आणि नदीवरचा पूल. थोरल्यांची खुर्ची खिडकीकडे तोंड करून असे, त्यामुळे येणाऱ्याला आधी त्यांची पाठच भेटे.

एकदा धान्याचा एक बडा व्यापारी जिना चढून वर आला आणि गोदामातल्या ओलीवरून आवाज चढवू लागला. थोरल्यांनी मागे न वळता उजवा हात जरासा उचलला, आणि व्यापाऱ्याचे तोंड नुसतेच हलत राहिले. "तुमचा आवाज इथं ठेवून घेतलाय," थोरले म्हणाले, "संध्याकाळी शांत झालात की येऊन घेऊन जा." तो खरोखरच संध्याकाळी आला आणि दाराबाहेर जोडे काढून उभा राहिला. आवाज परत मिळाल्यावर पहिले वाक्य कोणते बोलावे हे त्याला सुचेना. शेवटी "बरं, येतो" म्हणून निघून गेला. आवाज ठेवून घेतल्याची पोच फाडायची का, असे मी थोरल्यांना विचारले तेव्हा ते हसले. त्यांचे हसणे मला फार वेळा आठवत नाही, म्हणून हे आठवते.

पण प्रमुखपद त्यांना अशा दराऱ्यामुळे मिळालेले नव्हते. ते मिळाले मुठीमुळे.

थोरले ऐन उमेदीत असताना नदीला मोठा पूर आला. बाजाराचा दिवस होता. पुलाच्या मधल्या कमानीखालचा खांब खचला आणि कमान करकरत खाली येऊ लागली. वर गाड्या, जनावरे, बायकापोरे. थोरले तेव्हा साधे सभासद होते, विहिरींच्या विभागात. पलीकडच्या तीरावर कामाला निघाले होते. त्यांनी डावा हात पुढे केला आणि मूठ मिटली. कमान होती तिथेच थांबली. निखळलेले दगडसुद्धा पाण्याच्या वर अधांतरी राहिले. हे पाहणाऱ्यांत माझी आई होती आणि ती वाढवून सांगणारी बाई नव्हती. सगळी माणसे उतरली, पूर ओसरला, गवंड्यांनी येऊन लाकडाचे टेकू लावले. मूठ मिटलेलीच राहिली.

संघाचा नियम असा आहे की जादूने जे धरले ते धरणाऱ्याने सोडायचे नाही. सोडायचे तर दुसऱ्याच्या हातात देऊन. या देण्याला हातपालट म्हणतात. देणारा आपली मूठ घेणाऱ्याच्या उघड्या तळव्यात ठेवतो. इकडचे एक बोट उघडले की तिकडचे एक मिटते, आणि पाची बोटे झाली की पालट पुरी. आणि सर्वांत जड वस्तू ज्याच्या हातात, तो संघाचा प्रमुख. त्याआधीचे प्रमुख बाजारातले घंटाघर धरून होते. पुलाची बातमी ऐकल्यावर ते आपणहून खुर्चीतून उठले.

म्हणजे थोरल्यांनी एका दुपारी मूठ मिटली आणि पुढचे सगळे आयुष्य त्या मुठीने ठरवले. मूठ झोपेत सुटू नये म्हणून त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, रोज संध्याकाळी ती कापडी पट्टीने बांधत आणि सकाळी सोडत. पट्ट्या दोन होत्या. एक हातावर, एक धुऊन घराच्या नदीकडच्या खिडकीतल्या दोरीवर. सदऱ्याची बटणे, जोड्यांचे बंद, अंगरख्याच्या गाठी, सगळे वहिनींकडे. मुठीतली नखे तेवढी त्यांना कापावी लागत नसत. जादूने काही धरलेल्या हाताची नखे वाढत नाहीत, असे संघातली जुनी माणसे सांगत, आणि ते खरे होते.

मुलगी तेव्हा रांगत होती. तिला घरात चिऊ म्हणत, आणि ती चांगली मोठी होऊन कामाला लागली तरी चिऊच म्हणत राहिले. थोरले तिला उजव्या हातावर घेत. पडू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आधार द्यावा, तो देता येत नसे. मग ते भिंतीला टेकून उभे राहत. एकदा ती त्यांच्या मांडीवर बसून मुठीची बोटे उचकटू लागली. आत काय लपवलंय ते तिला पाहायचे होते. थोरले असे ओरडले की शेजारच्या घरातली भांडी पडली, आणि ही केवळ म्हणण्याची रीत नाही. पुढे चिऊ हा किस्सा मला हसून सांगायची. सांगताना तिचे दोन्ही हात मात्र पाठीमागे जायचे.

काही वर्षांनी गवंड्यांनी टेकू काढून तिथे नवा दगडी खांब उभा केला. त्यांचा मुकादम सभेत येऊन म्हणाला, कमान आता पक्की बसली आहे, थोरल्यांनी एकदा हात सोडून बघावा.

"आणि बसली नसेल तर?" थोरल्यांनी विचारले.

पूल एक दिवस बंद ठेवू, मुकादम म्हणाला. यावर व्यापारी उठले, की बाजार एक दिवस बंद म्हणजे आमचे काय. मग आमचे सभासद उठले, की म्हणजे एवढी वर्षे थोरल्यांनी धरलं ते काय उगाच. मुकादम पायऱ्या उतरता उतरता मला म्हणाला, "आम्ही खालून दगड लावायचे आणि तुम्ही वरून हात. चालू द्या." त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही. गवंडी दरवर्षी पावसाळ्यानंतर सांधे भरत राहिले आणि लोक पुलावर पाऊल ठेवताना थोरल्यांच्या खिडकीकडे पाहून मान लववत राहिले.

तोवर संघाचे दिवस पालटू लागले होते. रस्त्यांवरचे दिवे पूर्वी आमच्या माणसांनी पेटते ठेवलेले असत. पण आमच्या माणसाला डुलकी लागली की अख्खी गल्ली अंधारात जाई. मग तेलाचे कंदील आले, वर काचेची चिमणी, आणि ते डुलक्या घेत नसत. दिव्यांचा विभाग बंद झाला. त्यातली म्हातारी माणसे खाली बाकांवर येऊन बसू लागली. पुलावरून जाणाऱ्या गाड्यांकडून संघाला जे मिळे, त्यातूनच त्यांचे भागत होते.

आणि नेमकी चिऊ त्या काचेच्या कारखान्यात जाऊ लागली. तिला जादूत गती होती, पण मन लागले भट्टीपाशी. मी एकदा संघाच्या खिडक्यांच्या काचा घ्यायला गेलो तेव्हा तिला पाहिले. लांब लोखंडी फुंकणीच्या टोकाला काचेचा तापलेला गोळा, आणि ती डाव्या हाताने फुंकणी सतत फिरवत होती, उजव्या हातातल्या चिमट्याने गोळ्याला आकार देत होती. फिरवणे क्षणभर थांबले तर गोळा ओघळतो, ती म्हणाली. "काका, बाबांना सांगा, मीसुद्धा धरूनच असते." मी हे थोरल्यांना सांगितले. ते म्हणाले, "तिच्या हातून सुटलं तर एक चिमणी फुटते."

बापलेकीचे बोलणे त्यानंतर कामापुरते उरले.

मध्ये एका वर्षी थोरल्यांना मोठा ताप आला. वहिनींनी खोलीत कुणाला येऊ दिले नाही. तापातून उठल्यावर ते आधीपेक्षा कडक झाले आणि मूठ आणखी घट्ट झाली, बोटांची पेरे पांढरी पडायची. त्यानंतर एकदा दुपारी मी सहीसाठी घरी गेलो होतो. थोरले आरामखुर्चीत झोपले होते आणि वहिनी जमिनीवर बसून एक बारीक कात्री त्यांच्या बोटांच्या फटीतून आत घालत होत्या. मला पाहून त्यांनी कात्री पदराखाली घेतली. मला वाटले, पट्टीचा दोरा कापत असतील.

पुढे थोरल्यांना खोकला लागला आणि तो गेला नाही. हातपालटीची वेळ आली होती. रीतीप्रमाणे आधी पोटच्या मुलाला विचारायचे, त्याने नाही म्हटले तर सभेत. संघात थोरल्यांच्या खालोखाल दुय्यम होते, त्यांची नजर खुर्चीवर होती, हे सगळ्यांनाच ठाऊक होते. मुठीचे नाव काढले की मात्र ते आपल्या सांधेदुखीबद्दल बोलू लागत. त्यांनी सुचवले की काळ बदलला आहे, खुर्ची एकाकडे आणि मूठ दुसऱ्याकडे असे करता येईल.

"म्हणजे खुर्ची तुम्हाला आणि मूठ कुणा गरिबाला," थोरले म्हणाले. दुय्यम सभा संपेपर्यंत पाणी पीत राहिले.

थोरल्यांनी चिऊला बोलावून घेतले. ती नाही म्हणेल असे मला वाटत होते, वहिनींनाही वाटत होते. ती भट्टीवरून तशीच आली, केसांत राख होती. बापाचे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "तुम्ही मला कधी दोन्ही हातांनी उचललं नाहीत, बाबा. द्या तो पूल माझ्याकडे. निदान एकदा तुमचे दोन्ही हात मोकळे बघू."

थोरल्यांनी मान डोलावली आणि खिडकीबाहेर पाहू लागले. वहिनी आत निघून गेल्या.

हातपालटीआधी आठवडाभर घेणाऱ्याने आपली मूठ बांधून ठेवायची, सवय व्हावी म्हणून, अशी रीत आहे. चिऊने दोरीवरची पट्टी घेतली आणि डावी मूठ बांधली. तशीच ती कारखान्यात गेली. एका हाताने फुंकणी फिरवायचा प्रयत्न केला, पहिला गोळा ओघळून जमिनीवर पडला, दुसराही. तिथला एक कारागीर म्हणाला म्हणे, की बाई, एवढ्याने शहर काळोखात जाणार नाही, तू घरी जा. ती हसली आणि घरी आली.

हातपालट दोन दिवसांवर आली तेव्हा मी पुलाची व्यवस्था ठरवायला थोरल्यांच्या घरी गेलो. गाड्या कुठे अडवायच्या, दोर कुठे बांधायचा, कोण कुठे उभे राहणार. वहिनी उंबऱ्यात बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढे चिऊ, पाठ करून. एका हाताने केस विंचरता येतात, पण वेणी घालता येत नाही. वहिनी वेणी घालत होत्या. आधी नवऱ्याची बटणे लावून झाली होती, आता मुलीची वेणी. चिऊ मला म्हणाली, "बघा काका, पुन्हा शाळेत निघाल्यासारखं वाटतंय." वहिनींनी वेणीला शेवटची गाठ मारली, आणि हात काही वेळ तिथेच ठेवला.

चिऊ आपली फुंकणी कारखान्यात दुसऱ्याला सोपवायला गेली. मी आत जाऊन थोरल्यांसमोर कागद पसरला. तेवढ्यात वहिनी आत आल्या आणि त्यांनी दाराला कडी घातली.

"तुम्ही उठू नका, भाऊजी," त्या मला म्हणाल्या. "कुणीतरी ऐकायला हवं."

थोरले म्हणाले की बाहेर माणसे खोळंबली आहेत. खोळंबू देत, वहिनी म्हणाल्या, आणि मग उभ्या उभ्याच बोलल्या, "चिऊ मूठ घेणार नाही."

"तिनं स्वतः हो म्हटलंय."

"तिला माहीत नाही म्हणून म्हटलंय."

मग त्यांनी तापाच्या वर्षाचे सांगितले. दुपारची वेळ होती. त्या पाणी घेऊन खोलीत आल्या तर पट्टी सुटून पांघरुणावर पडली होती आणि थोरल्यांचा डावा हात उघडा होता. पाची बोटे सैल, तळवा नुकत्या जन्मलेल्या मुलासारखा मऊ, पांढरा. त्यांनी आधी हाताकडे पाहिले आणि मग खिडकीतून पुलाकडे. पुलावरून पोत्यांनी लादलेल्या गाड्या चालल्या होत्या, एकामागून एक. दगड हलला नव्हता. हातातले पाणी पायावर सांडेपर्यंत त्या पाहत राहिल्या. मग त्यांनी भांडे खाली ठेवले, थोरल्यांची बोटे मिटली आणि पट्टी बांधली.

थोरल्यांनी उजवा हात उचलला. त्या व्यापाऱ्यापुढे उचलला होता तसाच.

"घ्या," वहिनी म्हणाल्या. "घ्या ठेवून आवाज. आजवर मी तो वापरला तरी कुठं."

हात हवेत थोडा वेळ राहिला आणि मांडीवर परत आला. थोरल्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरली. मग ते खिडकीकडे पाहत म्हणाले, "मी जागा होतो. करंगळी तू शेवटी मिटलीस."

वहिनी पलंगाच्या कडेला बसल्या. आता त्या रडतील किंवा ओरडतील असे मला वाटले. त्यांनी विचारले ते वेगळेच.

"आणि नखं? त्या दिवसापासून तुमची नखं वाढायला लागली. तुम्ही झोपलात की मी चोरून कापत होते. तुम्हाला जाग येऊ नये म्हणून श्वास धरून कापत होते."

"येत होती जाग," थोरले म्हणाले.

मला तिथून उठून जावेसे वाटत होते. दाराला कडी होती, आणि ती वहिनींनी घातली होती.

थोरले हळूहळू बोलू लागले. तू बोटे मिटली नसतीस तर मी त्या दिवशी उठून बाहेर गेलो असतो, सगळ्यांना सांगून टाकले असते, असे म्हणाले. तू मिटलीस तेव्हा वाटले, तुलाही हेच हवे आहे. थोरल्यांची बायको म्हणून गावात जे आहे ते.

"मी तुमच्यासाठी मिटली," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, कळलं तर हा माणूस उरणार नाही. तुम्ही कुणासाठी मिटून ठेवलीत?"

थोरल्यांचे उत्तर तयार होते. संघासाठी. दिवे गेले, विहिरींचे काम नळांनी खाल्ले, राहिला एक पूल. लोक संघाला अजून मानतात ते या मुठीमुळे, आणि खाली बाकांवर बसलेली म्हातारी माणसे जेवतात तीही मुठीमुळे. ती उघडली तर इमारतीला कुलूप. त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, हिशेबनीस, यात काही खोटं आहे का? मी नाही म्हटले. खोटे नव्हतेच.

"आणि चिऊचा हात?" वहिनींनी विचारले.

"हाताला काही होत नाही. नुसता मिटलेला राहतो."

"नुसता," वहिनी म्हणाल्या.

थोरल्यांनी मूठ पुढे केली. बघ, म्हणाले, आणि ती उघडायला लागले. कपाळावरची शीर फुगली, मनगट थरथरले, पण बोटे हलली नाहीत. ती तशीच आखडून गेली होती. नदीवरचे धुके एका हाताने बाजूला सारणारा माणूस आपली करंगळी उचलू शकत नव्हता. वहिनींनी त्यांचा हात धरून परत मांडीवर ठेवला. माया म्हणून ठेवला की सवय म्हणून, हे मला सांगता येणार नाही.

मग वहिनींनी आपले म्हणणे मांडले आणि ते थोडके होते. चिऊला यातले काही कळता कामा नये. बाप खोटं जगला, हे पोरीला कळून तिचे काही भले होणार नाही. पण हातपालट होणार नाही. झाली, तर त्या स्वतः पुलाच्या मधोमध उभ्या राहून सगळ्या शहराला सांगतील.

"कारण काय द्यायचं ते तुम्ही शोधा," त्या कडी काढताना म्हणाल्या. "तुम्ही प्रमुख आहात."

दुसऱ्या दिवशी सभा भरली. दालन खच्चून भरले होते, खालची बाकेसुद्धा वर आणली होती. चिऊ पुढच्या रांगेत बसली होती, नीट वेणी घातलेली, डावा हात पट्टीत. थोरले उभे राहिले. हातपालट होणार नाही, असे त्यांनी सांगितले, तेव्हा कुजबुज झाली. कारण त्यांना अनेक देता आले असते. मुलीवर भार टाकवत नाही, एवढे म्हटले असते तरी चालले असते. पण मग मूठ म्हणजे कुणालाही देता येण्यासारखी, केवळ मायेपोटी न दिलेली वस्तू झाली असती, आणि थोरल्यांना मुठीची किंमत उतरू द्यायची नव्हती.

"हा भार पेलायला अंगात दम लागतो," ते म्हणाले. "माझ्या मुलीला मी आठवडाभर पाहिलं. तिचे हात हलक्या वस्तूंना सरावलेले आहेत. तिला हे झेपणार नाही. तेव्हा प्राण असेतो पूल मीच धरीन."

टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. बाकांवरचे म्हातारे रडत होते. दुय्यमांनी सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या. थोरले उजव्या हाताने खुर्चीच्या हातावर थोपटत राहिले. चिऊ उठली आणि मधल्या वाटेने बाहेर गेली. मी दारापाशी होतो. जिना उतरताना ती पट्टीची गाठ दातांनी सोडत होती.

शहरात थोरल्यांचे नाव आणखी मोठे झाले. आजारी माणूस, पण पोटच्या पोरीचाही मुलाहिजा न ठेवता स्वतः भार वाहतो, असे लोक एकमेकांना सांगत. वर्गात शिक्षक मुलांना सांगत. चिऊ भट्टीवर परत गेली आणि कारखान्याच्याच आवारात खोली घेऊन राहिली. आईला भेटायला येई ती थोरले संघात असताना. त्यांच्या समोर उभी राहिली नाही आणि त्यांनी बोलावले नाही. एकदाच त्यांनी मला विचारले, काचेचं काम कसं चाललंय. चांगलं चाललंय, मी म्हटले. ते म्हणाले, "संघाच्या कंदिलांच्या चिमण्या तिच्याकडूनच घेत जा."

मी तसे करत गेलो. चिमण्या उत्तम असत. कुणासाठी आहेत हे तिला ठाऊक होते. ती माझ्यापुढे एकेक काच उजेडात धरून दाखवायची आणि बापाबद्दल चकार शब्द काढायची नाही.

थंडी सरता सरता थोरले गेले. खुर्चीतच, खिडकीकडे तोंड करून. दुय्यम जिन्यावरून धापा टाकत आले आणि आधी खिडकीपाशी गेले. पूल जागेवर होता. ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा विचारात पडलेला होता, आणि खाली उतरून लोकांसमोर उभे राहीपर्यंत विचार पक्का झाला होता. थोरले गेले, मूठ गेली नाही, असे त्यांनी जाहीर केले. एवढ्या मोठ्या माणसाची पकड मरणाने सुटत नाही. ते अजून धरून आहेत आणि धरून राहतील. खुर्ची रिकामी ठेवू नये म्हणून काही काळ तिच्यावर दुय्यम बसतील. लोकांनी ऐकले आणि हात जोडले. गाड्यांकडून संघाला मिळत होते ते मिळत राहिले. म्हातारे जेवत राहिले.

अंत्ययात्रा निघण्याआधी दुय्यम वहिनींपाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, तेवढी पट्टी बांधाल का, लोक बघताहेत. वहिनींनी पट्टी बांधली. घट्ट बांधली. गर्दीच्या मागे चिऊ उभी होती, दोन्ही हात पाठीमागे धरून.

सगळे आटोपल्यावर मी घरी गेलो. संघाच्या वतीने दोन शब्द बोलायचे होते, ते दारातच विसरलो. वहिनी पलंगावर बसल्या होत्या. चिऊ खिडकीपाशी उभी होती आणि नदीकडे पाहत होती. पुलावरून पोत्यांनी लादलेल्या गाड्या चालल्या होत्या.

"मेलेला माणूस काही धरत नसतो, आई," ती म्हणाली. "दुय्यम काहीही सांगोत."

वहिनींनी पुलाकडे पाहिलेच नाही.

"तुला माहीत होतं."

"हो."

"आणि बाबांना?"

वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी खाली फरशीकडे पाहत राहिलो.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "त्यांना नव्हतं माहीत. ते शेवटपर्यंत धरूनच होते."

चिऊचा चेहरा क्षणभर सैल झाला. बिचारे बाबा, असे काहीतरी ती पुटपुटली आणि तिचे डोळे भरून आले. बाप गेल्यापासून पहिल्यांदाच. मग ती पुन्हा नदीकडे वळली. काय चालले आहे तिच्या मनात ते मला दिसत होते, आणि वहिनींनाही दिसत असणार. पण निघून गेलेला शब्द परत घेण्याची जादू आमच्या संघात कुणाकडे नाही.

"म्हणजे," चिऊ म्हणाली, "त्यांना खरंच वाटलं होतं. मला झेपणार नाही असं."

 वहिनी उठल्या, खिडकीतल्या दोरीवरची दुसरी पट्टी काढली, वाळली आहे का हे बोटांनी पाहिले आणि घडी घालू लागल्या.

चिऊने हात पुढे केला. "दे ती मला," म्हणाली. "काचा पुसायला होईल."

वहिनींनी दिली.